परंपरेचा दोर कुणाच्या हाती?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

इस्पितळाच्या एका खोलीत जुळं जन्माला येतं, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा जगत नाही, आईही जाते. उरते ती मुलगी. बातमी ऐकून धावत आलेल्या आजोबांचं सगळं लक्ष गेलेल्या नातवाकडे असतं. जिवंत नातीकडे ते धड पाहतही नाहीत. घराण्याच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा गेला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओळ तुटली, हे त्यांचं दुःख. आपल्याकडे 'वंशाचा दिवा' हा शब्द ज्या घरांत आजही उच्चारला जातो, त्या घरांना हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

हा प्रसंग 'व्हेल रायडर' या न्यूझीलंडच्या चित्रपटातला. २००२ साली टोरँटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्यालाच पसंतीचा कौल दिला. दिग्दर्शिका निकी कारो. पाईची, म्हणजे त्या मुलीची, भूमिका करणारी केशा कॅसल-ह्यूज तेरा वर्षांची असताना तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं. तोवर इतक्या लहान वयात त्या गटात कुणाचं नाव आलं नव्हतं. तो विक्रम २०१३ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीने मोडला. पण मला आज पुरस्कारांबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय ते त्या आजोबांबद्दल आणि त्या नातीबद्दल. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, आणि तरीही दोघं समोरासमोर उभे आहेत. ती गोष्ट म्हणजे त्यांची परंपरा.

आधी थोडी पार्श्वभूमी. माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. आज त्या देशात साधारण सहा माणसांमागे एक माओरी आहे. उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, गिस्बर्न शहराच्या उत्तरेला फांगारा नावाचं छोटं गाव आहे. चित्रपटाची कथा तिथली, आणि चित्रीकरणही तिथंच झालं. तिथले न्गाती कोनोही लोक आपलं मूळ पाईकेया या पूर्वजापर्यंत नेतात. होडी समुद्रात बुडाल्यावर देवमाशाच्या पाठीवर बसून तो किनाऱ्याला लागला, अशी त्यांची श्रद्धा आहे. गावातल्या सभागृहाच्या माथ्यावर देवमाशावर स्वार झालेल्या पाईकेयाची कोरीव मूर्ती आहे. चित्रपटातल्या मुलीला तिचा बाप हेच नाव देतो, पाईकेया. आजोबांना ते अजिबात रुचत नाही. ते पूर्वजाचं नाव, पुरुषाचं नाव, आणि ते द्यायचं एका मुलीला!

या आजोबांचं नाव कोरो. खरं तर माओरीत वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने 'कोरो' म्हणतात. ते नातीवर प्रेम करत नाहीत असं नाही. तिला सायकलवर पुढे बसवून गावभर फिरवतात. बाप परदेशी निघून गेल्यावर तिला वाढवणारे तेच आणि त्यांची बायको, नॅनी फ्लॉवर्स. पण पुढारी शोधायची वेळ येते तेव्हा ते गावातल्या घराघरांतले थोरले मुलगे गोळा करतात आणि त्यांची शाळा भरवतात. तिथे 'तायाहा' नावाचा लांब दांडा फिरवायला शिकवतात, पूर्वजांची वंशावळ पाठ करून घेतात, सभेत उभं राहून भाषण कसं करावं ते सांगतात. पाई पुढच्या ओळीत येऊन बसते. कोरो तिला मागे सरायला सांगतात. ती सरत नाही, आणि मग तिला घालवून दिलं जातं.

इथे आपण कोरोंना खलनायक ठरवून मोकळे होतो. मला वाटतं, तसं करण्याआधी हा माणूस एवढा घाबरलेला का आहे, ते पाहायला हवं.

१८४० मध्ये वाइटांगी इथे माओरी सरदार आणि इंग्रजी सत्ता यांच्यात तह झाला. त्यानंतरच्या काही दशकांत युद्धं, जप्ती, खरेदी आणि कायदे या सगळ्या वाटांनी माओरींच्या हातातली बहुतेक जमीन गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यातली तरुण पिढी मोठ्या संख्येने शहरात गेली. शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेली माणसं पुढे आईबाप झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. विसाव्या शतकाच्या सत्तरीत अशी स्थिती आली, की भाषा सहज बोलणारे बहुतेक म्हातारे होते. १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे 'भाषेचं घरटं' या नावाच्या बालवाड्या सुरू झाल्या. तिथे आजी-आजोबांच्या वयाची माणसं लहान मुलांशी फक्त माओरीत बोलायची. मधल्या पिढीकडे भाषा नव्हती, म्हणून तिला ओलांडून भाषा आजीकडून थेट नातवाकडे गेली. १९८७ मध्ये माओरी ही न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली.

म्हणजे कोरो ज्या पिढीचे आहेत, त्या पिढीने डोळ्यांदेखत सगळं निसटताना पाहिलंय. गावातले तरुण घरात बसून वेळ घालवतात, कुणी तुरुंगात जाऊन आलेला असतो. मोठा मुलगा कलाकार होऊन युरोपात गेला आहे, त्याला परतायचं नाही. अशा वेळी जे हातात उरलंय ते माणूस घट्ट धरून ठेवतो, आणि मूठ आवळली की तिच्यात नवं काही मावत नाही. कोरोंची नियमनिष्ठा ही भीतीतून आलेली आहे.

एक गंमत सांगतो. कोरोंची भूमिका करणारे नट रावीरी पारातेने तरुणपणी 'न्गा तामातोआ' या संघटनेत होते. नावाचा अर्थ 'तरुण योद्धे'. माओरी भाषा शाळांत शिकवावी, या मागणीसाठी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज १९७२ मध्ये संसदेला सादर झाला, त्यामागे या तरुणांचा मोठा वाटा होता. परंपरा वाचवण्याची हाक त्या वेळी विशीतल्या पोरांनी दिली होती. त्यांच्यातलाच एक जण पन्नाशीच्या आसपास अशा म्हाताऱ्याची भूमिका करतो, ज्याला ही हाक एका मुलीच्या तोंडून ऐकू येत नाही.

चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे, पण माझ्या मते सगळा चित्रपट त्यात सामावला आहे. कोरो होडीचं यंत्र दुरुस्त करत बसलेत. पाई विचारते, आपण कुठून आलो? ते हातातला दोर दाखवतात. त्यात अनेक धागे एकमेकांत वळलेले आहेत, हा प्रत्येक धागा म्हणजे एक पूर्वज, आणि सगळे एकत्र वळले की बळ येतं, असं समजावतात. मग त्याच दोराने यंत्र सुरू करायला जातात, आणि दोर तुटतो. ते दुसरा दोर आणायला आत जातात. तेवढ्यात पाई तुटलेली टोकं पुन्हा बांधते, दोर ओढते आणि यंत्र धडधडत सुरू होतं. ती आनंदाने ओरडते. कोरो बाहेर येतात आणि तिच्यावर रागावतात, पुन्हा असं करू नकोस, धोक्याचं आहे!

म्हाताऱ्याने उपमा अचूक दिली आहे. फक्त तिचा अर्थ आपल्याला लागू होतो, हे त्यांना दिसत नाही. दोर तुटला तर तो टाकून दुसरा शोधायचा, ही त्यांची रीत. नातू गेला, आता दुसरा मुलगा शोधू. आहे तोच दोर गाठ मारून वापरता येतो, हे त्या मुलीला कळतं. गाठ मारलेला दोर पहिल्यासारखा दिसत नाही, पण काम करतो.

आता वयाच्या आणि जन्मक्रमाच्या प्रश्नाकडे येऊ. माओरी समाजात थोरल्या अपत्याला मोठा मान. थोरल्याची शाखा वरची, धाकट्याची खालची. चित्रपटात या नियमाचा फटका फक्त पाईला बसत नाही. तिचा काका, रावीरी, हा कोरोंचा दुसरा मुलगा. तरुणपणी तो तायाहा फिरवण्यात तरबेज होता. पण तो थोरला नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आता तो सुस्तावलाय, पोट सुटलंय. पाईला गुपचूप तायाहा शिकवताना तोच माणूस पुन्हा ताठ उभा राहतो. दुसरीकडे तिचा बाप. तो थोरला, म्हणून त्याच्यावर सगळ्यांच्या अपेक्षांचं ओझं, आणि ते झेपत नाही म्हणून तो देश सोडून पळालेला. शाळेतल्या मुलांचंही तेच. कोरो एक दिवस गळ्यातला देवमाशाचा दात समुद्रात फेकतात, जो आणेल तो पुढारी. एकही मुलगा आणू शकत नाही. कोरो अंथरूण धरतात. मुलं मात्र आपण आजोबांना निराश केलं, हे ओझं घेऊन घरी जातात. स्त्रीला बाजूला ठेवणारा नियम पुरुषांनाही सुखाने जगू देत नाही, हे हा चित्रपट कुठलंही भाषण न देता दाखवतो.

आणि नॅनी फ्लॉवर्स? ती नवऱ्याशी चारचौघांत वाद घालत नाही. मैत्रिणींसोबत पत्ते खेळते, सिगारेट ओढते. बाहेर तुमचं राज्य असेल, स्वयंपाकघरात माझं, असं नवऱ्याला सुनावते. अशा आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. घरातली सत्ता त्यांच्याकडे असते, पण ती उंबऱ्याच्या आत. काकाकडे तायाहा शिकायला पाईला पाठवते ती नॅनीच. समुद्रातला तो दात पुढे पाई बुडी मारून आणते. तो नॅनीकडे येतो, पण म्हाताऱ्याची तयारी झालेली नाही हे ओळखून ती तो जपून ठेवते. शेवटी किनाऱ्यावर ती तो कोरोंच्या हातात देते, तेव्हा ते विचारतात, यातला कुठला? म्हणजे कुठल्या मुलाने आणला? नॅनी त्यांच्याकडे नुसती बघते आणि उलट विचारते, कुठला म्हणजे काय? एवढ्या एका प्रश्नात म्हाताऱ्याचं जग बदलतं.

इथवर आपण चित्रपटाच्या आत होतो. आता जरा बाहेर येऊ, कारण खरा प्रश्न बाहेर आहे. कोरो ज्याला परंपरा म्हणतात, ती खरंच माओरी परंपरा आहे का?

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती विटी इहिमाएरा यांनी लिहिली, १९८७ साली. इहिमाएरा गिस्बर्नचेच. कथासंग्रह आणि कादंबरी प्रसिद्ध करणारे ते पहिले माओरी लेखक. सिनेमातली मुलं नेहमी शूर आणि मुली नेहमी असहाय का असतात, असं त्यांच्या मुलींनी विचारलं, आणि त्यातून ही कादंबरी सुचली, असं त्यांनीच सांगितलं आहे. कादंबरीतली नॅनी फ्लॉवर्स नवऱ्याला ठणकावते ती पूर्वज स्त्रियांची नावं घेऊन. त्यातलं एक नाव मुरीवाई. गोष्ट अशी, की पुरुष किनाऱ्यावर गेलेले असताना स्त्रिया बसलेली होडी समुद्रात वाहून जाऊ लागली. स्त्रियांनी वल्ह्याला हात लावायचा नाही, असा निषेध होता. तेव्हा, मी आता पुरुषासारखं वागणार, असं म्हणत मुरीवाईने वल्हं उचललं आणि होडी वाचवली. काही लोक ही गोष्ट वाइराका या स्त्रीची म्हणून सांगतात. पण ज्या गावी हे घडलं त्याचं नाव आजही फाकाताने आहे. 'ताने' म्हणजे पुरुष, 'फाका' म्हणजे तसं करणं किंवा होणं. स्त्रीने नियम मोडल्याची आठवण म्हणून एका गावाचं नाव पडलं, आणि ते नाव परंपरेनेच जपलं.

दुसरं नाव मिही कोतुकुतुकु हिचं. ती याच पूर्व किनाऱ्याच्या बाजूची, विसाव्या शतकातली. 'माराए' म्हणजे सभागृहासमोरचं अंगण. तिथे उभं राहून बोलणं हा अनेक टोळ्यांत पुरुषांचा मान. रोटोरुआकडच्या एका टोळीच्या माराएवर ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिथल्या वडीलधाऱ्याने हरकत घेतली. तिने आपली वंशावळ म्हणून दाखवली आणि आपली शाखा त्याच्यापेक्षा थोरली असल्याचं सिद्ध केलं. थोरलेपणाचा तोच नियम, पण तो स्त्रीच्या बाजूने उभा राहिला.

पूर्व किनाऱ्यावरच्या न्गाती पोरो या मोठ्या टोळीत तर स्त्रिया माराएवर बोलत आल्या आहेत, आणि तिथल्या कित्येक सभागृहांना पूर्वज स्त्रियांची नावं आहेत. वाइटांगीच्या तहावर सह्या करणाऱ्यांत किमान तेरा स्त्रिया होत्या. १८९३ मध्ये मेरी ते ताई मांगाकाहिया हिने माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढे उभं राहून मागणी केली, की स्त्रियांना मतदानाचा आणि सभासद होण्याचाही हक्क द्या. भाषाही पाहा. माओरीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे, 'इया'. मराठीत पहिल्या वाक्यालाच आपल्याला ठरवावं लागतं, माओरीत लागत नाही. 'हापू' म्हणजे कुळ आणि गरोदरही. 'फेनुआ' म्हणजे जमीन आणि वारही. आनी मिकाएरे यांच्यासारख्या माओरी अभ्यासक स्त्रिया सांगतात, की स्त्री दुय्यम हा विचार आमच्याकडे मोठ्या प्रमाणात साहेबाच्या कायद्याने आणि चर्चने आणला, आणि नंतर तोच 'आमची जुनी रीत' म्हणून बसला.

चित्रपटाने हा भाग जवळजवळ गाळला. त्यामुळे पडद्यावर एकटी मुलगी सगळ्या परंपरेविरुद्ध उभी असल्यासारखी दिसते. दिग्दर्शिका माओरी नाही, युरोपीय वंशाची आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचं मार्गदर्शन तिने घेतलं, गावकरी चित्रणात सहभागी झाले, हे खरं. तरीही बॅरी बार्कले यांच्यासारख्या माओरी दिग्दर्शकाने टीका केली. बार्कले यांनी १९८७ मध्ये 'न्गाती' हा माओरी दिग्दर्शकाचा पहिला कथापट केला होता. मूळ रहिवाशांनी स्वतःच्या नजरेने केलेल्या चित्रपटाला ते 'चौथा सिनेमा' म्हणत. किनाऱ्यावरच्या माणसाला जहाज दिसतं आणि जहाजावरच्याला किनारा दिसतो, पण कॅमेरा कुठे ठेवलाय यावर सगळं अवलंबून असतं, असा त्यांचा मुद्दा.

मला ही टीका महत्त्वाची वाटते, आणि तरी चित्रपटही मोलाचा वाटतो. आदिवासी समाजावरचा कुठलाही चित्रपट पाहताना आपण प्रेक्षक एक घाई करतो. जे दिसतं ते 'त्यांचं मागासलेपण' आणि जी मुलगी त्याविरुद्ध उभी राहते ती 'आपल्यासारखी आधुनिक', अशी वाटणी करून टाकतो. पाईच्या बाबतीत ही वाटणी लागू पडत नाही. तिला गाव सोडायचं नाही. बाप तिला युरोपला न्यायला निघतो, तेव्हा समुद्राकडे पाहून ती अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरवायला लावते. शाळेच्या कार्यक्रमात ती आजोबांसाठी भाषण करते आणि समोर त्यांची खुर्ची रिकामी असते. रडत रडत ती जे सांगते त्याचा मथितार्थ असा, की ओळ तुटली यात कुणाचा दोष नाही. ज्ञान सगळ्यांना दिलं तर पुढारीही पुष्कळ होतील, आणि मग एकावरच सगळा भार पडणार नाही. परंपरा मोडा, असं ती म्हणत नाही. ती वाटून घ्या, एवढंच म्हणते.

शेवटी देवमासे किनाऱ्याला लागतात. सगळा गाव रात्रभर त्यांच्यावर ओले कपडे टाकत, पाणी ओतत बसतो. सर्वांत मोठ्या माशाला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढतात, तो दोरही तुटतो. मग पाई त्या माशाच्या पाठीवर चढते, आणि तो हलतो. हे चमत्कारासारखं आहे, पण चित्रपटभर ती तेच करत आली आहे. जिथे ताकदीचा दोर तुटतो, तिथे ती हाताने स्पर्श करते.

आणि एक गोष्ट माओरी पुराणातच आहे. पाईकेयाची होडी बुडवली कुणी? त्याच्या सावत्र भावाने, रुआतापूने. का? तर तू दासीपुत्र, तुझी थोरल्याशी बरोबरी नाही, असं बापाने त्याला सर्वांदेखत हिणवलं होतं म्हणून. म्हणजे मूळ कथाच जन्मावरून केलेल्या अपमानाची आणि त्यातून ओढवलेल्या नाशाची आहे. कोरोंना ती कथा तोंडपाठ होती. तिचा अर्धा भाग ते ऐकत नव्हते.

२०२४ मध्ये एक बातमी आली. माओरींच्या काही टोळ्यांनी १८५८ मध्ये आपला एक राजा निवडला, तेव्हापासून ही गादी चालत आली आहे. तिचं केंद्र वाइकाटो भागात आहे, फांगारापासून दूर. या गादीवर १९६६ ते २००६ अशी चाळीस वर्षं एक राणी होती, ते आताइरांगिकाआहू. तिच्या मुलाचं, राजा तुहेइतियाचं, ३० ऑगस्ट २०२४ रोजी निधन झालं. वारस नियमाने ठरत नाही, जाणती मंडळी एकत्र बसून निवड करतात. राजाला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी सर्वांत धाकटी, वय २७. ५ सप्टेंबरला, वडिलांच्या दफनाच्या दिवशी, निवड जाहीर झाली. त्यांनी थोरल्या मुलाला नाही, धाकट्या मुलीला निवडलं. न्गा वाई होनो इ ते पो तिचं नाव.

ती निवडली गेली ती परंपरा बाजूला सारून नव्हे, परंपरेच्याच सभेत, जुन्याजाणत्यांच्या संमतीने. कोरोंसारख्या माणसांना आपण एवढंच सांगू शकतो, की आजोबा, दोर सुटेल म्हणून घाबरू नका. मात्र त्याचं दुसरं टोक कुणी धरलंय ते वळून बघा. कदाचित ती तुमचीच नात असेल, आणि तिने ते केव्हाचं धरलेलं असेल.